पश्चिमेची खोली : गडद निळा की मोहरी पिवळा?

आगरवाट

नमस्कार मंडळी,

गुहागरला आमचं जुनं घर आहे. रस्त्यापासून आत, समुद्राच्या अंगाला, मागे नारळ-पोफळींचं आगर. डागडुजी टप्प्याटप्प्याने चालू आहे. वासे-रिपा बदलल्या, कौलं परतून झाली, आता रंगाची पाळी. ओटी आणि माजघर पांढरंच ठेवायचं यावर घरात एकमत आहे. अडलंय ते माजघराच्या पश्चिमेला असलेल्या खोलीपाशी.

खोली १० बाय १२ फूट. पश्चिमेला आगरात उघडणारी एकच खिडकी, पूर्वेला माजघराचं दार. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, दीड फूट जाड, वर चुन्याचा गिलावा. खालचा तीनेक फुटांचा पट्टा सासऱ्यांनी पूर्वी सिमेंटचा करून घेतला होता. जमीन लाल कोब्याची. दार, खिडकी, तुळई फणसाच्या लाकडाची, तेलपाणी केलेली. खोली सासूबाईंची आहे. त्या ७६ वर्षांच्या आहेत, दुपारी तिथेच वाचत बसतात, रात्री तिथेच झोपतात.

नवऱ्याला गडद निळा हवाय, मोरपंखाच्या डोळ्यातला असतो तसा. नणंदेला मोहरी पिवळा. सासूबाई म्हणतात, "तुम्हाला आवडेल तो लावा, मला कुठे बघायचंय." मला ते पटत नाही, कारण त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ त्याच असतात. रंगारी म्हणतोय गणपतीच्या आत काम उरकून देतो. माझ्या डोक्यात अजून काहीच ठरलेलं नाही. इथल्या अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

पानवेल

माझं मत सरळ आहे. खोली अंधारी, खिडकी एक. पांढरा द्या आणि मोकळे व्हा. फार तर हस्तिदंती.

घासपेपर

ताई, मी चिपळूणला रंगकाम करतो. रंग कोणता ते नंतर बघू. आधी एक ऐका, गणपतीच्या आत त्या खोलीला ब्रश लावू देऊ नका. आत्ता श्रावणात भिंत पाणी पिऊन बसलेली असते. हवेतच इतका दमटपणा आहे की एरवी चार-सहा तासांत सुकणारा हात दुसऱ्या दिवशीही चिकट लागतो. वरून सुकल्यासारखा दिसतो, आत ओल कोंडते आणि मार्गशीर्षात पोपडे सुटतात. मग रंगाला नाव ठेवतात, रंगाऱ्याला ठेवतात. दोष मुहूर्ताचा असतो.

सणाला खोली स्वच्छ दिसायला हवी असेल तर झाडून, कोरड्या फडक्याने पुसून, चुन्याचा एक पातळ हात मारा. बाकी सगळं दिवाळीनंतर.

आणि एक परीक्षा आत्ताच करून ठेवा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीच्या आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती नुसती हवेतली वाफ. दोन्ही भिंतींवर करा, आतल्या आणि बाहेरच्या.

देवबाग

आमच्याकडे मालवणात पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, खाडीच्या तोंडाशी. तुम्ही म्हणताय जवळजवळ तसाच निळा दोन खोल्यांत दिलेला आहे, एक माडीवर, एक तळाला. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

माडीवरची खोली बघणाऱ्याला सोडवत नाही. दोन बाजूंनी खिडक्या, दुपारी समुद्राचा उजेड आत येतो, त्या उजेडात निळा गहिरा होतो. पांढरी चादर, वेताची खुर्ची, बस्स, दुसरं काही लागत नाही. पाहुणे फोटो काढतात तो त्याच भिंतीचा.

तळाच्या खोलीत रंग तोच, डबाही त्याच दुकानातला. पहिल्या पावसाळ्यानंतर जमिनीपासून दोन फुटांवर पांढरी रेघ उमटली. हात लावला की पीठ हाताला येतं. लोणा. आमच्या भागात जुन्या कामांत खाडीची वाळू न धुता वापरलेली असते. त्या वाळूतलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. पावसात भिंत ओलसर, उन्हाळ्यात पाणी उडतं आणि मीठ पृष्ठभागावर येऊन बसतं. हे कुठल्याही रंगाखाली होतं. पण गडद निळ्यावर ते दारातून दिसतं.

शेजारच्या तळाच्याच खोलीत पिवळा आहे. तिथेही लोणा आहे, मी हात फिरवून बघितलाय, पण नजरेला येत नाही. तिथे वेगळं दिसतं. कपाटामागे, जिथे हवा खेळत नाही, तिथे बुरशीचे काळे ठिपके. ते निळ्यावर दिसले नसते.

तेव्हा माझ्या मते निवड अशी आहे की तुमच्या भिंतीला काय होणार आहे, मीठ की बुरशी. आमच्या आईचा शब्द एकच असायचा, "भिंत सुकाक होयी, मगे रंग."

आगरवाट

घासपेपर दादा, देवबाग, मनापासून आभार. रंगाऱ्याला दिवाळीनंतर यायला सांगितलं. प्लॅस्टिक आजच लावते.

पानवेल, पांढऱ्याचा विचार आम्हीही केला होता. आत्ता खोली पांढरीच आहे (जुना डिस्टेंपर) आणि ती पावसाळ्यात इतकी उदास दिसते की त्यामुळेच हा सगळा घाट घातलाय.

वीजजोड

पानवेल यांच्या मुद्द्यावर बोलायला हवं, कारण नव्वद टक्के लोक हेच सांगतात आणि अंधाऱ्या खोलीत ते फसतं.

पांढरा रंग स्वतः उजेड देत नाही, आलेला परत टाकतो. चांगला पांढरा पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त परत पाठवतो. मोहरी पिवळा साधारण ४० ते ५० टक्के, आणि तुमचा गडद निळा १० टक्क्यांच्याही खाली. बऱ्याच कंपन्यांच्या शेडकार्डावर किंवा संकेतस्थळावर प्रत्येक छटेचा हा आकडा मिळतो, मागून घ्या. आकड्यावरून पांढराच जिंकतो हे खरं. पण खिडकीतून मुळात येतच थोडा असेल, आणि तोही ढगाळ, तर पांढऱ्या भिंतीचा कोपरा राखाडी दिसतो. डोळ्याला ते मळकं वाटतं. तिथे अंगचा रंग असलेली भिंत कमी उजेडातही रंगीतच वाटते, मळकी वाटत नाही. आगरवाट ताई म्हणतात ती उदासी तीच.

आता तुमच्या खोलीचा उजेड. मी रत्नागिरीला घरांच्या वायरिंगची, दिव्यांची कामं करतो, तर ही घरं रोज बघतो. पश्चिमेची खिडकी, समोर पोफळी. म्हणजे सकाळभर खोलीत थेट ऊन नाही. जे येतं ते पानांवर आपटून आलेलं, हिरवट. पावसाळ्यात त्यावर पडवीला झड अडवायला झापं (विणलेल्या झावळ्या) बांधली की तेही अर्धं. दुपारी तीननंतर ऊन तिरपं आत शिरतं, मावळतीला नारिंगी होतं. एका दिवसात तीन वेगळे उजेड, आणि रंग प्रत्येकात वेगळा.

हिरवट उजेडात तांबडा अंश कमी असतो. लिंबाकडे झुकणारा पिवळा त्यात आजारी दिसतो. तोच पिवळा गेरूकडे झुकवला, म्हणजे त्यात थोडा तांबूसपणा असला, तर सावरतो. निळ्याचं उलट. सकाळच्या हिरवट उजेडात निळा मोरपिशी होऊन छान दिसेल, मावळतीच्या नारिंगी उजेडात काळवंडेल, कारण त्या उजेडात निळा अंशच उरलेला नसतो आणि भिंतीला परत पाठवायला काही मिळत नाही.

अगदी तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, आणखी एक गंमत होते. अंधार वाढतो तसे डोळ्याला तांबडे-पिवळे आधी काळे दिसू लागतात आणि निळे त्या मानाने उजळ. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं, त्याच्या नावानेच हा परिणाम ओळखतात. पण हे काही मिनिटांचं. दिवा लागला की संपलं.

दिव्याचं तर विसरूच नका. बाजारात जास्त खपतो तो ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे दिव्याचा उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारं माप) पांढरा एलईडी. त्यात निळा खुलतो, पिवळा फिका, हिरवट पडतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावलात तर मोहरी भरदार होतो आणि निळा जवळजवळ काळा. रंग ठरवताना दिवाही ठरवा. आणि खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघा, ९० च्या पुढचा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. गेरू, लाकूड, माणसाच्या चेहऱ्याचा रंग त्यात खरा दिसतो.

रानजाई

वीजजोड, सुरेख प्रतिसाद. जतन करून ठेवला.

आमच्या रेवदंड्याच्या घरातला अनुभव जोडते. शेडकार्डावर आवडलेला पिवळा चारी भिंतींना लागला की दुप्पट पिवळा होतो. एका भिंतीवरून उजेड दुसरीवर, तिथून परत पहिलीवर, दर फेरीला रंग चढत जातो. कार्डावर जो बरोबर वाटतो त्याच्यापेक्षा एक पायरी मवाळ घ्यावा.

चुनखडी

सगळे रंगाबद्दल बोलताहेत, मी भिंतीबद्दल बोलतो. मी दापोलीला जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो आणि तुमच्या धाग्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य "खालचा तीनेक फुटांचा पट्टा सिमेंटचा" हे आहे.

जांभा हा सच्छिद्र दगड. जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं. चुन्याचा गिलावा ते पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडू देतो, म्हणून आपल्याकडची शंभर-सव्वाशे वर्षांची घरं अजून उभी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. इतकं पाणी खाऊनही ही भिंत टिकते ती उरलेले महिने ते बाहेर सोडते म्हणून. सिमेंटचा पट्टा मारला की खालून पाणी उडायची वाट बंद. मग ते सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढतं आणि तिथून बाहेर पडतं. तुमच्या खोलीत जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर डाग किंवा फुगे असणार. असतील तर सांगा.

अशा भिंतीवर प्लॅस्टिक इमल्शनचा जाड थर द्यायचा म्हणजे उरलेली वाटही बंद करायची. रंग निळा असो वा पिवळा, तो सुटणारच. माझा सल्ला: नोव्हेंबरात सिमेंटचा पट्टा उतरवा. चिरा उघडा पडू दे, सांधे खरवडून साफ करा, महिनाभर तरी तसाच राहू दे. मग चुन्याचा गिलावा, धुतलेली नदीची वाळू वापरून, आणि वर चुन्याचाच रंग.

इथे तुमचा निळा-पिवळ्याचा वाद आपोआप सुटायला लागतो. चुन्यात सगळे रंग टिकत नाहीत. चुना फार अल्कधर्मी असतो, बरेचसे सेंद्रिय रंग तो खाऊन टाकतो. मातीचे रंग, म्हणजे पिवडी, गेरू, काव, हे सगळे लोहाचे, ते चुन्यात वर्षानुवर्षं राहतात. निळ्यात आपली नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन, चुन्याला दाद देत नाही. पूर्वी पांढऱ्या चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंत शुभ्र दिसावी असं करायचे ते याच जोरावर. फ्रान्समध्ये १८२८च्या सुमारास ती कृत्रिमरीत्या बनू लागली आणि स्वस्त झाली. प्रशियन निळा मात्र चुन्यात तपकिरी पडतो, तो चुकूनही घालू नका.

पण चुन्यात रंगाचं प्रमाण वाढवायला मर्यादा आहे. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागापलीकडे पूड घातली की चुना तिला धरत नाही, भिंतीला पाठ टेकली की रंग सदऱ्याला. त्या मर्यादेत पिवडीचा छान खरपूस पिवळा येतो. नीळ घालून फार तर आकाशी येतो. मोरपंखी निळा चुन्यात होणे नाही. तो हवाच असेल तर इमल्शन लागेल, आणि इमल्शन या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला मी देऊ देणार नाही.

घासपेपर

चुनखडी साहेबांचं बरोबर आहे. फक्त चुन्याचा रंग मारायला माणूस चांगला बघा. हल्ली रोलरवाली पोरं आहेत, चुन्याला रोलर चालत नाही. रुंद ब्रश, पातळ हात, आधी भिंत शिंपडून ओलसर करायची, एक आडवा, एक उभा. ओला असताना भयंकर गडद दिसतो, घरातली माणसं घाबरतात. दुसऱ्या दिवशी बघायचा.

आगरवाट

चुनखडी, तुम्ही न बघता सांगितलंत! खिडकीच्या डाव्या अंगाला, सिमेंट संपतं त्याच्या वरच, हाताच्या पंजाएवढे दोन फुगे आहेत. नख लावलं तर रंगाची पापडी गळून पडली, आतला गिलावा ओला, दाबला की दबतो.

प्लॅस्टिकचंही सांगते. पश्चिमेच्या भिंतीवर भिंतीच्या बाजूने थेंब, खाली ओघळसुद्धा. माजघराकडच्या आतल्या भिंतीवर कोरडं, फक्त खोलीकडून थोडी वाफ.

नवऱ्याला हे दाखवलं. तो म्हणतो पश्चिमेला चुना करा, मग निदान आतल्या एका भिंतीला तरी निळा द्या. मला ते आवडूही शकेल. काय वाटतं?

देवबाग

माझं मत निळ्याच्या बाजूने. कोरड्या भिंतीला काही धास्ती नाही. पलंगामागे एक निळी भिंत, बाकी तीन पिवडीच्या. दिसेल झकास.

रानजाई

दिसेल, पण खोली दहा बाय बाराची आहे. एक भिंत गडद केली की तेवढी अंगावर येते. शिवाय शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच सांगून ठेवलंय की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना ढकलतात. तो फ्रान्समधल्या गोबलां या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईखात्याचा प्रमुख होता. काळ्या धाग्याचा काळेपणा कमी पडतो अशी तक्रार आली, तपासलं तर धाग्यात दोष नव्हता, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो काळा फिका दिसत होता. तुमच्या खोलीत लाल कोबा आहे आणि फणसाचं लाकूड. निळ्याशेजारी ते दोन्ही नारिंगी दिसतील, पिवळ्याशेजारी खोल, किंचित जांभळट. दोन्ही भिंती एकाच खोलीत असल्या तर लाकूड दोन ठिकाणी दोन रंगांचं भासेल. मला तरी हे खटकेल.

डोळस

इतका छान धागा आणि अजून कुणी सासूबाईंच्या डोळ्यांबद्दल विचारलं नाही. मी नेत्रविभागात काम करते, म्हणून लिहिते.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. पिवळट भिंग निळा उजेड अडवतं. त्यामुळे सत्तरीच्या पुढच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन न झालेल्या माणसाला गडद निळा आणि काळा यांत फरक कळणं अवघड जातं. काळ्या-निळ्या साड्या, औषधाच्या गोळ्या यांत गल्लत होते ती याच कारणाने. शिवाय साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या मानाने एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. म्हणजे तुम्हाला जी खोली "जरा अंधारी" वाटते ती त्यांना खूपच अंधारी असते.

त्यांचं ऑपरेशन झालंय का? झालं असेल तर निळा त्यांनाही छान दिसेल, पुष्कळ जण ऑपरेशननंतर सांगतात की निळे रंग इतके निळे असतात हे विसरलेच होते. झालं नसेल तर त्यांच्या खोलीत गडद निळी भिंत म्हणजे रात्री उठल्यावर समोर काळोख.

आणि एक सांगते. वृद्ध माणसाच्या खोलीत भिंतीचा रंग जितका महत्त्वाचा तितकाच कडांचा फरक. दाराची चौकट भिंतीहून ठळक वेगळी दिसायला हवी, तसंच दिव्याचं बटण, पलंगाची कड, उंबरा. कोकणातल्या घरांत उंबरा उंच असतो, रात्री ठेच लागते ती तिथेच. फिकट भिंत आणि गडद चौकट हे त्यांच्या पायांसाठी चांगलं. त्यांना वाचायला बसतात तिथे, डाव्या खांद्यामागून येईल असा वेगळा दिवा द्या. भिंतीच्या रंगावर वाचनाचा भार टाकू नका.

आगरवाट

डोळस, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला घरात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "एका डोळ्याने आभाळ निळं दिसतं, दुसऱ्याने मळकट." इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं.

आता गणपती आटोपल्यावर, शांतपणे फळ्यांवर रंग लावून बघणार आहे. फळ्या केवढ्या घ्याव्यात?

वीजजोड

दोन फूट बाय दोन फूट, कमी नको. दोन हात द्या. थेट भिंतीवर ठिपके मारू नका, जुन्या रंगाच्या शेजारी नवा खोटा दिसतो. एका वेळी एकच फळी ठेवा, दुसरी खोलीबाहेर. खिडकीच्या भिंतीला, मग समोरच्या भिंतीला. सकाळी, भर दुपारी, साडेचारला, आणि दिवा लावल्यावर. आणि त्या जिथे बसतात तिथे बसून बघा, दारात उभं राहून नको.

आगरवाट

धागा वर काढतेय. गौरी-गणपती झाले, पाहुणे मुंबईला गेले, घर शांत झाल्यावर फळ्या करून बघितल्या. तीन केल्या: गडद निळा, शेडकार्डावरचा मोहरी पिवळा, आणि चुनखडींनी सांगितलं तशी चुन्यातली पिवडी, त्यात थोडी काव. (पिवडी गुहागरात मिळाली नाही, चिपळूणहून मागवली.)

सासूबाईंच्या खुर्चीत बसून बघितलं. सकाळी नऊच्या सुमारास निळा खरंच देखणा. खिडकीसमोरच्या भिंतीला ठेवला तर आगरातला हिरवा त्यात उतरतो आणि तो मोरपिशी होतो, वीजजोड म्हणाले तसाच. नवऱ्याचं मन का बसलं ते मला तेव्हा कळलं. तोच तिथेच साडेचारला, पावसाची सर येऊन गेल्यावर, करडा. दिवा लावला (३००० केल्विनचा आणला) तर फळी कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते ते दिसेना.

मोहरी पिवळा सकाळी चांगला, पण ढग आले की कच्च्या केळ्याच्या सालीसारखा हिरवट. नणंदेने स्वतः बघितलं आणि स्वतःच नको म्हणाली.

पिवडी-कावेची फळी सगळ्यात साधी. दुपारच्या ढगाळ उजेडातही तिचा रंग हलला नाही, हिरवट तर मुळीच झाली नाही. मावळतीला खिडकीतून ऊन तिच्यावर आलं तेव्हा त्या उजेडाने समोरची भिंतसुद्धा उबदार झाली. तिला जवळून बघितलं तर ब्रशचे फटकारे दिसतात, कुठे दाट, कुठे विरळ, आणि वाळूचा एखादा कण चमकतो. इमल्शनची फळी तिच्याजवळ अगदी सपाट वाटली.

सासूबाईंना आम्ही काही न सांगता विचारलं. त्यांनी पिवडीकडे बोट केलं. म्हणाल्या, "ही भिंत आमच्या माहेरची आहे."

तर ठरलं. चारी भिंती पिवडी, किंचित काव घालून. खाली जमिनीपासून फूटभर गडद कावेचा पट्टा. दाराची आणि खिडकीची चौकट, झडपा निळ्या ऑइलपेंटने, म्हणजे डोळस यांनी सांगितलेला कडांचा फरकही साधेल. फणसाचं लाकूड झाकायला नवरा आधी तयार नव्हता, पण आईला रात्री दार दिसणं महत्त्वाचं, यावर तो लगेच राजी झाला. आणि माडीवरची खोली त्याची. तिथे दोन खिडक्या आहेत, भिंती कोरड्या आहेत, तिथे त्याचा गडद निळा लागणार.

देवबाग

उत्तम. माडीवरच्या निळ्याचा फोटो टाका, वाट बघतो.

चुनखडी

खालचा पट्टा कावेचा करताय हे फार चांगलं. आपल्याकडे आणि गोव्यात ती जुनी रीत आहे. झाडताना, पुसताना, पावसाचे शिंतोडे उडताना मार त्या पट्ट्यालाच बसतो. लोणा आला तरी तिथेच येतो. दरवर्षी दिवाळीआधी तेवढ्याच पट्ट्याला एक हात द्यायचा, अख्खी खोली काढायची गरज नाही. त्यावर चुकूनही ऑइलपेंट देऊ नका. "धुता येईल" म्हणून रंगारी सुचवतील. तेवढ्या एका फुटाने सगळं पाणी पुन्हा वर चढेल.

सिमेंट उतरवताना छिन्नी हळू चालवायला सांगा. जांभ्याचा चिरा सिमेंटपेक्षा मऊ असतो, घाई केली की सिमेंटबरोबर चिऱ्याचा पापुद्रा निघतो.

पानवेल

माझं पांढऱ्याचं मत मागे घेतो. एक शंका. ऑइलपेंटला वास असतो, सासूबाईंना त्रास नको.

घासपेपर

चौकटी मोकळ्या हवेत, कोरड्या दिवसांत रंगवायच्या. झडपा काढून पडवीत रंगवा. तोवर त्यांना आठवडाभर माजघरात झोपवा. पाण्यातलं इनॅमलही मिळतं, त्याला वास कमी, लाकडाला चालतं.

आगरवाट

पाण्यातलंच घेऊ मग. घासपेपर दादा, शेवटचा प्रश्न. पिवडी किती घालायची? फळीसाठी मी अंदाजाने घातली होती, आता खोलीभर तसाच रंग कसा यायचा?

घासपेपर

अंदाज चालायचा नाही. कोरड्या मापाने घ्या. पिवडी आणि काव मिळून चुन्याच्या वजनाच्या बारा-पंधराव्या भागापासून सुरू करा. पूड आधी वेगळ्या पाण्यात रात्रभर भिजवायची, कापडातून गाळायची, मगच चुन्यात. थोडा डिंक विरघळवून घाला, हाताला सुटणार नाही. पुठ्ठ्यावर नको, गिलाव्याच्या तुकड्यावर एक पट्टी मारून दुसऱ्या दिवशी बघा. कमी वाटली तर वाढवा. एकदा जमली की चारी भिंतींना पुरेल एवढं एकाच पिंपात करा. दुसरं पिंप पहिल्यासारखं कधीच होत नाही.

कळीचा चुना मिळाला तर तोच घ्या, आणि नोव्हेंबरची वाट न बघता आत्ताच भिजत घाला, जितका मुरेल तितका चांगला. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. भिजताना उकळतो, उडतो, डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि पोरांना मागील दारी येऊ देऊ नका. मी कार्तिकी एकादशीनंतर गुहागरच्या बाजूला कामावर आहे, पट्टा उतरवला की इथे लिहा, येऊन भिंत बघून जाईन.